हल्ली आपल्या घरी काय पाहता?

"जयभीम! काय चाललंय?" असे विचारले की पूर्वी पाण्याच्या, रेशनच्या आणि पोरांच्या शाळेच्या गोष्टी निघत. हल्ली चहाचा कप हातात येईपर्यंत आणखी एक प्रश्न येतोच, "सध्या काय बघताय?" कुणी मालिकेचे नाव सांगतो, कुणी नव्या सिनेमाचे. कुणी म्हणतो, "आमचं काय, मोबाईलवर येईल ते बघायचं." प्रश्न साधा आहे. परंतु आपल्या घरात काय पाहिले जाते, कोण पाहते आणि पाहून झाल्यावर काय बोलले जाते, याचा विचार आपण करतो का?

हा विचार मनात घेऊन आम्ही कोल्हापुरातील शाहूपुरीत एका घरी रविवारची संध्याकाळ काढली. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला एस.टी. स्टँड, आणि आतल्या गल्ल्यांतून कष्टकऱ्यांची दाटीवाटीची घरे. आम्ही गेलो ते घर दोन खोल्यांचे. भिंतीवर तथागत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. घरात माणसे पाच. आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे.

एका छपराखाली पाच पडदे

आजी टीव्हीसमोर. मालिकेत मोठा वाडा, जरीची साडी नेसून स्वयंपाक करणारी सून आणि तिच्याविरुद्ध कट करणारी जाऊ. सून आतल्या खोलीत भाकरी थापत होती आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या मोबाईलवर तीच मालिका ऐकत होती. तिला बघायला वेळ कुठला! सकाळी तीन घरची धुणीभांडी, मग स्वतःच्या घरचे. मुलगा एका फाउंड्रीत मोल्डिंगचे काम करतो. तो पलंगावर आडवा होऊन जुन्या सामन्यातील षटकार पाहत होता. नात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, ती कानात बोंडे घालून वेब सिरीज पाहत होती. दहावीतला नातू जिन्यात बसून अर्ध्या अर्ध्या मिनिटाची रिळे वर ढकलत होता.

पाच माणसे, पाच पडदे! कुणाला कुणाचे काय चालले आहे याचा पत्ता नाही.

आजी हसून म्हणाली, "आमच्या वेळंला असं नव्हतं. पिच्चरला जायचं म्हंजे अख्खी गल्ली जायची. जेवणाचा डबा बांधून घेऊन. आल्यावर आठ दिस त्याच गोष्टी."

आजीचे खरे आहे. जयंतीच्या आदल्या रात्री मंडळाची पोरे भाड्याने व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही आणायची. रस्त्यावर सतरंज्या पडायच्या. पहाटेपर्यंत तीन सिनेमे व्हायचे. १९९० सालचा 'भीमगर्जना' अशाच सतरंजीवर बसून पाहिलेली माणसे आजही भेटतात. पडदा लहान आणि चित्र मुंग्या आल्यासारखे. परंतु पाहणारे शंभर होते आणि हुंदका आला तर तो शंभर जणांना ऐकू जात होता.

कोल्हापूर हे पडद्याचेच गाव

कोल्हापूरकराला सिनेमाचे वेड असले तर नवल नाही. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी याच गावात काढली. तिचा 'सैरंध्री' हा मूकपट १९२० सालचा. त्याच १९२० सालच्या मार्च महिन्यात कोल्हापूरपासून जवळच असलेल्या माणगावात परिषद भरली आणि शाहू महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांकडे बोट दाखवून लोकांना सांगितले की, तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. एका बाजूला पडद्यावरची चित्रे हलू लागली होती, दुसऱ्या बाजूला माणसे हलू लागली होती.

१९२५ साली पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात देव नाहीत, राजे नाहीत. कर्जात जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी आहे. कष्टकऱ्याचे दुःख पडद्यावर मांडता येते, हे कोल्हापूरने इतक्या लवकर दाखवून दिले. पुढे १९२९ साली प्रभात फिल्म कंपनीही इथेच निघाली. 'अयोध्येचा राजा' हा १९३२ सालचा मराठी बोलपट तिने इथेच तयार केला आणि १९३३ साली कंपनी पुण्याला गेली. आजही शाहूपुरीतल्या व्हीनस कॉर्नरचे नाव घेतले की जुन्या माणसांना टॉकीज आठवते.

अगदी अलीकडे, २०१६ ते २०२१ या काळात 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेने कोल्हापूरची तालीम, तांबडा पांढरा रस्सा आणि इथली बोली घराघरांत नेली. आपल्या गावची बोली टीव्हीवर ऐकून आनंद होतोच. परंतु या मालिकांतील घरे आठवून पाहा. मोठ्या सोप्याची, झोपाळ्याची, देव्हाऱ्याची. ज्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे आणि ज्या घरची बाई सकाळी सहाला कामावर निघते, असे घर त्यांत किती वेळा दिसले? आम्ही हे विचारले तेव्हा आतून सूनबाई म्हणाल्या, "दिसतं की! भांडी घासणारी दिसती. पण तिचं घर दावत न्हाईत."

एका वाक्यात त्यांनी सारे सांगितले.

पडद्यावरचे आपले माणूस

आपले माणूस पडद्यावर आलेच नाही असे नाही. कसे आले, हे पाहिले पाहिजे. १९३६ साली 'अछूत कन्या' आला. अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांचे प्रेम. शेवटी मरते कोण? मुलगी. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतनने भूमिका अजरामर केली. तरीही त्या घराने सुजाताला मनापासून लेक म्हटले ते केव्हा? तिने आपले रक्त देऊन पाळणाऱ्या आईचा जीव वाचवला तेव्हा. म्हणजे आपल्या मुलीने एक तर मरायचे, नाही तर रक्त देऊन माणूसपण सिद्ध करायचे! या सिनेमांचा हेतू चांगला होता. परंतु ते दुसऱ्याच्या अंगणात उभे राहून आपल्याकडे पाहत होते.

आचार्य अत्रे यांनी १९५४ साली 'महात्मा फुले' काढला तेव्हा मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब उपस्थित होते. गाडगेबाबांचे दर्शनही त्या चित्रपटात घडते. त्याला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. त्यानंतर मोठी वाट पाहावी लागली. जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० सालचा. केरळचे अभिनेते मामुट्टी यांनी बाबासाहेब उभे केले आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हा चित्रपट ज्यांनी टॉकीजऐवजी सीडीवर, विहारात किंवा शाळेच्या हॉलमध्ये पाहिला अशांची संख्या आपल्यात मोठी असेल.

मग नागराज मंजुळे आले आणि अंगण बदलले. २०१४ साली टॉकीजला लागलेल्या 'फँड्री'त जब्या आपल्या कुटुंबाबरोबर डुकरे धरतो आणि त्याचे वर्गमित्र कठड्यावर बसून हसतात. धरलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र दिसते. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पाहणाऱ्याच्या अंगावर येतो. २०१६ सालच्या 'सैराट'ने शंभर कोटींच्या पुढे धंदा केला. मराठी चित्रपटाने हा आकडा प्रथमच पाहिला. टॉकीजमध्ये गाण्यावर नाचलेली तीच माणसे शेवटी मुकाट्याने बाहेर पडली. २०२२ सालच्या 'झुंड'मध्ये तर वस्तीतली जयंती, डीजे, निळे झेंडे हे सारे मोठ्या पडद्यावर आले आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडून उभे राहिलेले दिसले.

मालिकांचेही तसेच. २०१९ सालच्या बुद्धपौर्णिमेला, १८ मे रोजी, स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेबांची आणि शिवानी रांगोळे यांनी माता रमाईंची भूमिका केली. ऑक्टोबर २०२० पर्यंत ती चालली. मधल्या टाळेबंदीत आपण सर्वांनी जयंती घरातच साजरी केली होती. आजी म्हणाली, "ती मालिका लागली की मी हातपाय धुऊन बसायची. रमाई गेली त्या दिवशी आमच्यात कुणी जेवलं न्हाई."

"आपण मारच खातो"

त्या रविवारी नातीने एक गोष्ट केली. तिने कानातली बोंडे काढली आणि मोबाईल टीव्हीला जोडत म्हणाली, "आज सगळ्यांनी मिळून एक बघूया. 'जय भीम'."

आजीने मालिका सोडली. सूनबाई परात घेऊन बाहेर येऊन बसल्या. फक्त नातू जिन्यातून उठेना.

"मला नाही बघायचं," तो म्हणाला. "आपल्यावरचे सगळे पिक्चर सारखेच. सगळ्यांत आपण मारच खातो."

घर गप्प झाले. आजीने डोळ्यावरचा चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "आरं, मार खाल्लेला दावत्यात ते बरंच हाय. न्हाई दावलं तर कुनाला कळायचं?"

"मग जिंकलेलं कधी दाखवणार?"

पोराचा प्रश्न चुकीचा नव्हता. दहावीतल्या मुलाला पडद्यावर आपल्यासारखा मुलगा रडताना, हरताना, मार खातानाच दिसत असेल तर त्याने तिथे पाहावे तरी का? त्यापेक्षा अर्ध्या मिनिटाचे रीळ बरे. त्यात निदान कुणी आपल्याला ओळखत नाही.

बहिणीने वाद घातला नाही. ती एवढेच म्हणाली, "शेवटपर्यंत बस. मग बोल."

'जय भीम' हा तमिळ चित्रपट २ नोव्हेंबर २०२१ रोजी ॲमेझॉन प्राईमवर आला. सूर्या या अभिनेत्याने वकील चंद्रू यांची भूमिका केली आहे. हे चंद्रू खरे आहेत. पुढे ते मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९९३ साली तामिळनाडूत पोलीस कोठडीतून नाहीशा केलेल्या एका गरीब माणसासाठी त्यांनी न्यायालयात लढा दिला. चित्रपटात तो माणूस इरुला या आदिवासी जमातीतला आहे. त्याची गरोदर बायको सेंगणी साहेबांनी पुढे केलेला पैसा नाकारते आणि न्याय मागते. सगळा खेळ कायद्याच्या पुस्तकावर चालतो. चित्रपटाच्या नावाचा अर्थ तोच आहे. संविधान हातात असलेला माणूस कोर्टात उभा राहतो तेव्हा बाबासाहेबच उभे राहतात.

या घराने तो हिंदीत पाहिला. कोठडीतल्या मारहाणीच्या वेळी आजी उठून दारात जाऊन बसली. सूनबाईंचे पीठ परातीत वाळून गेले. नातू केव्हा आत येऊन उंबऱ्यावर बसला ते कुणाला कळले नाही.

आणि शेवटचा प्रसंग आला. वकील साहेब पायावर पाय टाकून वर्तमानपत्र वाचत आहेत. सेंगणीची लहान मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसते आणि वर्तमानपत्र उचलते. आधी घाबरते. साहेब नजरेने 'बस' म्हणतात. मग तीही पायावर पाय टाकून वर्तमानपत्र उघडते.

आजी म्हणाली, "पुन्हा लाव ते." नातीने पुन्हा लावले. मग तिसऱ्यांदा.

आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. इतका वेळ एक शब्दही न बोललेले मुलांचे वडील तेव्हा बोलू लागले. पंचवीस वर्षांपूर्वी ते दुसऱ्या एका कारखान्यात पहिल्यांदा कामाला लागले. चहाच्या सुट्टीत सगळ्यांचे कप एका ताटात यायचे. यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. कुणी काही बोलायचे नाही. नुसती बोटाने खिडकी दाखवायची.

"मग तुम्ही काय केलं, पप्पा?" नातवाने विचारले.

"दुसऱ्या दिवशी घरातनं स्टीलचा पेला घेऊन गेलो. त्यांचा चहाच घेतला न्हाई. वर्षभरानं दुसरीकडं काम मिळालं, तवा सोडलं."

"आम्हाला कधी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं त्यात?"

नातू थोडा वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मी पण क्लासमध्ये आडनाव सांगत नाही. नुसतं नाव सांगतो."

आईने परात बाजूला ठेवली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागावली नाही. "बाहेर सांगायला जड जात असंल तर लगेच नको सांगूस. पण घरात लपवू नको. आमास्नी सांगत जा."

वाचकहो, त्या घरात पाच माणसे अनेक वर्षे एकत्र राहत होती. बापाचा पेला आणि लेकाचे आडनाव या दोन गोष्टी एकमेकांना भेटल्या त्या एका सिनेमामुळे. सिनेमा एकट्याने मोबाईलवर पाहिला असता तर भेटल्या असत्या का?

जिंकलेलेही आहे, शोधले पाहिजे

नातवाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. जिंकलेले कधी दाखवणार? दाखवू लागले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेड इन हेवन' या हिंदी वेब सिरीजच्या दुसऱ्या भागात नीरज घायवान यांनी दिग्दर्शित केलेल्या एका प्रकरणात राधिका आपटे या अभिनेत्रीने परदेशात प्राध्यापक असलेल्या आपल्या समाजातील मुलीची भूमिका केली आहे. सासरच्या मंडळींना अवघड वाटते, तरी ती ठामपणे सांगते की, माझे लग्न बौद्ध पद्धतीने झाले पाहिजे. आणि तसे होते. पांढरी साडी, बुद्धवंदना, बाबासाहेबांची प्रतिमा. हिंदी पडद्यावर असा मंगल परिणय पाहून आपल्यातील अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. ती मुलगी तिथे मरत नाही, रक्तही देत नाही. ती लग्न करते.

याच घायवान यांचा 'होमबाउंड' २०२५ साली आला. दोन गरीब मित्र, एक आपला आणि एक मुसलमान, पोलीस भरतीचा अर्ज भरतात. त्यांतला चंदन आडनाव लपवतो आणि राखीव जागेचा रकाना टाळतो. आपल्या गल्लीत पहाटे उठून भरतीसाठी धावणारी पोरे आहेत. त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. रकाना भरताना हात का थांबतो, हे त्यात प्रामाणिकपणे मांडले आहे. शेवट दुःखाचा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्यावर 'सत्यशोधक' हा मराठी चित्रपट जानेवारी २०२४ मध्ये आणि 'फुले' हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२५ मध्ये आला. 'फुले' जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला लागणार होता. परंतु काही संघटनांनी आक्षेप घेतला, सेन्सॉर बोर्डाने जातींची नावे आणि 'पेशवाई' यांसारखे शब्द बदलायला लावले आणि अखेर तो २५ एप्रिलला लागला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे शेण आणि दगड दाखवायलाही आज अडचण येते, हे मुलांना सांगितले पाहिजे.

घरासाठी चार गोष्टी

सिनेमाने क्रांती होत नाही, हे खरे. परंतु रोज दोन-तीन तास आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे जे जाते त्याने मन घडते, हेही तितकेच खरे. म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, आठवड्यातून एक दिवस सगळ्यांनी मिळून एकच पडदा पाहावा. टॉकीजला पाच माणसे न्यायची तर तिकिटे, रिक्षा आणि पोरांचे खाणे यांत दिवसाची मजुरी जाते. ते दरवेळी परवडत नाही. घरच्या टीव्हीवर चालेल. टीव्ही नसेल तर शेजाऱ्यांना बोलवावे किंवा शेजारी जावे. आपल्या विहारातही महिन्यातून एकदा असा कार्यक्रम करता येईल.

दुसरी, पाहून झाल्यावर लगेच उठू नये. तीन प्रश्न विचारावेत. यात काम कोण करत होते? बोलत कोण होते? आणि निर्णय कुणी घेतला? मालिकेलाही हेच प्रश्न विचारावेत. आजीची मालिका बंद करायची गरज नाही. दिवसभर राबलेल्या बाईला दोन घटका करमणूक हवीच. फक्त वाड्यातली भांडी कोण घासते, हे मुलांना दाखवावे.

तिसरी, वय पाहून दाखवावे. 'जय भीम'मधील कोठडी आणि 'सैराट'चा शेवट लहान मुलांना सोसणार नाही. त्यांच्यासाठी श्याम बेनेगल यांची २०१४ सालची 'संविधान' ही दहा भागांची मालिका आहे. तीत सचिन खेडेकर यांनी बाबासाहेबांची भूमिका केली आहे. पाचवी-सहावीच्या मुलांबरोबर बसून थोडे समजावून सांगत ती पाहता येते.

चौथी, पडद्यावरचे सारे इतिहास समजू नये. मालिका लांबवण्यासाठी प्रसंग वाढवले जातात. शंका आली की पुस्तक काढावे. चां. भ. खैरमोडे यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे अनेक खंडांचे चरित्र आहे आणि महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले 'लेखन आणि भाषणे'चे खंड आहेत. गावच्या वाचनालयात ते मागावेत. नसतील तर मागवायला लावावेत.

मोबाईलविषयी एकच. आपण ज्या चित्रावर थांबतो तसलीच चित्रे तो पुढे आणून टाकतो. मारामारीवर थांबलो तर मारामारी येते, जलशावर थांबलो तर जलसा येतो. तेव्हा कुठे थांबायचे, हे मुलांना शिकवणे आपल्या हातात आहे.

निरोप घेताना आम्ही नातवाला विचारले, "पुढच्या रविवारी काय?"

तो म्हणाला, "लग्नाचं ते बघणार आहे. बौद्ध पद्धतीचं."

आजीने विचारले, "त्यात कुनी मारत न्हाई न्हवं?"

"नाही आज्जी. त्यात जेवण आहे."

सारे हसले. आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्या घरात टीव्ही बंद होता आणि बोलण्याचा आवाज गल्लीपर्यंत येत होता.

तुमच्या घरी येत्या रविवारी काय पाहणार? आणि पाहून झाल्यावर काय बोलणार? जयभीम!